फटकळ खेळाडू आणि मायक्रोफोन



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळे विषय येऊन जातात. त्यांच्या पंगतीत आज मी चेंडूफळी, टेनिस आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या काही तोंडाळ माणसांना आणून बसविणार आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "फटकळ खेळाडू." त्यांना वाटले, मी शिस्तभंगावर बोलणार. मला बोलायचे आहे ते त्याच्या पुढच्या आयुष्यावर. खेळाडूची उमेद पस्तिशीला संपते; जीभ मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे शाबूत राहते. त्या जिभेचे काय करायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो आणि ऐकणारे आपण असल्यामुळे तो थोडा आपल्यापुढचाही असतो.

एखादा खेळाडू पंचांशी भांडला, निवड समितीवर तोंडसुख घेतले, वार्ताहरांना चमचमीत मजकूर पुरविला, की लोक म्हणतात, "हा पुढे समालोचक होणार बघा." या भाकितात एक गृहीत दडलेले आहे. ज्याला बोलायला भीती वाटत नाही त्याला बोलता येते, असे ते गृहीत. आपल्याकडे फटकळ आणि परखड हे दोन शब्द आहेत आणि ते उगाच दोन नाहीत. फटकळ माणसाचा शब्द सुटतो. परखड माणूस शब्द सोडतो. टेलिव्हिजनचे मालक पहिला गुण पाहून माणूस नेमतात आणि दुसरा त्यात आपोआप निघेल अशा आशेवर राहतात. कधी निघतो, कधी निघत नाही.

निघाला त्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. चार्ल्स बार्कले हे त्याचे नाव. जन्म १९६३ चा, अलाबामातल्या लीड्स गावचा. १९८४ साली तो फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघात आला. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या इतरांपेक्षा तो चांगलाच बुटका आणि अंगाने गोल गरगरीत. पण टोपलीवर आपटून परत येणारा चेंडू झेपावून घेण्यात त्याने १९८६-८७ च्या हंगामात सगळ्या लीगला मागे टाकले. १९९३ साली तो लीगमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. त्या वर्षी त्याचा फिनिक्सचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि मायकेल जॉर्डनच्या शिकागोपुढे हरला. विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती त्याच्या फार कामाला आली.

तोंडाच्या बाबतीत मात्र त्याने कसलीही कसर ठेवली नाही. १९९१ साली न्यू जर्सीत एक प्रेक्षक त्याला सारखा शिव्या देत होता. बार्कले त्याच्यावर थुंकला आणि ती थुंकी गेली जवळ बसलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर. त्याला दहा हजार डॉलर दंड झाला आणि एका सामन्याची बंदी. पुढे त्याने त्या मुलीची आणि तिच्या घरच्यांची क्षमा मागितली, त्यांच्याशी स्नेहही जोडला. १९९३ साली बुटांच्या एका जाहिरातीत उभा राहून त्याने जाहीर केले की मी कोणाचा आदर्श नाही, पोरांना वळण लावायचे काम आईबापांचे आहे. यावर अमेरिकेत केवढा वादंग झाला! आणि त्याच्या आत्मचरित्राची कथा तर आपल्या साहित्य संमेलनात सांगावी अशी आहे. पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यातल्या काही वाक्यांवरून गदारोळ उठला, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला की यात माझे म्हणणे विपर्यस्त छापले आहे. स्वतःच्याच आत्मचरित्रात! लेखकाने स्वतःवरच अन्याय केल्याची तक्रार याआधी माझ्या तरी ऐकिवात नव्हती.

असा माणूस २००० साली खेळातून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी टी.एन.टी. या वाहिनीच्या सामन्यानंतरच्या चर्चेत येऊन बसला. ती चर्चा पुढे पाव शतक चालली. २०२५ साली त्या वाहिनीकडचे बास्केटबॉलचे हक्क गेले तरी ती मंडळी तशीच उचलून दुसऱ्या वाहिनीने दाखवायला घेतली. मालक बदलला तरी बिऱ्हाड मोडू दिले नाही, यावरून त्याची किंमत समजा.

याचे रहस्य काय असावे? मला वाटते, उत्तराचा एक भाग एका गाढवात आहे. हसू नका, खरेच सांगतो. २००२ साली याओ मिंग हा चिनी खेळाडू अमेरिकेत नवा आला होता. बार्कलेने टेलिव्हिजनवर पैज मारली की हा कुठल्याही सामन्यात एकोणीस गुण करू शकणार नाही. केलेच तर मी सहकाऱ्याच्या पार्श्वभागाचे चुंबन घेईन. थोड्याच दिवसांत याओने वीस गुण केले. सहकारी केनी स्मिथ जरा रसिक असावा. तो एक गाढव घेऊन आला आणि बार्कलेने सबंध देशासमोर त्या गाढवाचा मागचा भाग चुंबून पैज फेडली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे आपण म्हणतो. या माणसाने टाळ्याला लावलेली जीभ वेळ आल्यावर खाली घेतली आणि तिचा हिशेब चुकता केला. शिवाय त्याच्या शेजारी बसणारा शकील ओनील चार विजेतेपदांचा धनी. तो दर आठवड्याला बार्कलेला त्याच्या शून्याची आठवण करून देतो. दुसऱ्यावर बोलणारा माणूस स्वतः इतका उघडा बसलेला असला, की त्याचा कडक शब्दही श्रोत्याला जाचत नाही.

पण गाढव ही स्वस्त किंमत झाली. महाग किंमत त्याने नंतर मोजली. मायकेल जॉर्डन हा त्याचा जिवलग मित्र. जॉर्डन पुढे शार्लटच्या संघाचा मालक झाला आणि २०११-१२ च्या हंगामात त्या संघाने सहासष्ट सामन्यांपैकी अवघे सात जिंकले. लीगच्या इतिहासात विजयाचे एवढे वाईट प्रमाण कोणाचे नव्हते. बार्कलेला विचारण्यात आले तेव्हा त्याने सांगून टाकले की मायकेलभोवती मान डोलावणारेच फार जमले आहेत, त्याला 'नाही' म्हणणारे कोणी उरलेले नाही. जॉर्डनने त्याच्याशी बोलणे टाकले. बार्कलेने पुढे अनेक वर्षे मुलाखतींतून सांगितले की हा मित्र गेल्याचे मला दुःख आहे, पण माझे काम तेच होते. मंडळी, पंचाला शिवी हासडण्यापेक्षा हे फार अवघड आहे. पंच संध्याकाळी तुमच्या घरी जेवायला येत नसतो.

आता टेनिसकडे वळू. जॉन मॅकेन्रो आणि त्याचा संताप यांची ओळख करून देण्याची गरज नाही. १९८१ साली विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत, चेंडू रेषेवर पडून खडू उडालेला मी डोळ्यांनी पाहिला, असे तो पंचाला ओरडून सांगत होता. त्या वर्षी तो बोर्गला हरवून विजेता ठरला, पण विजेत्याला रिवाजाने मिळणारे क्लबचे सन्माननीय सभासदत्व त्याला देण्यात आले नाही. ते एक वर्ष उशिरा मिळाले. १९९० साली मेलबर्नला तर त्याला चालू सामन्यातून बाहेर काढण्यात आले. असा हा इसम पुढे त्याच विम्बल्डनवर बी.बी.सी.चा समालोचक झाला आणि इंग्रज श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

इंग्रजांना क्षमा करण्याची हौस आहे म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मॅकेन्रोच्या भांडणांकडे बारकाईने पाहिले तर त्यांतली पुष्कळशी एकाच गोष्टीवरून झालेली दिसतील: चेंडू नेमका कोठे पडला. त्याची नजर विलक्षण तीक्ष्ण होती आणि दुसऱ्याला ते दिसत नाही हे त्याला सहन होत नसे. समालोचनाला नेमकी तीच नजर लागते. खेळताना जी गोष्ट दिसूनही कोणी मानत नव्हते ती त्याला आता लाखो लोकांना नुसती सांगायची होती. पंचाची समजूत घालायची नव्हती. भांडणाचे कारणच नाहीसे झाले. काळाची गंमत पहा, २०२५ पासून विम्बल्डनवर रेषापंच राहिलेच नाहीत, यंत्रच निकाल देते.

क्रिकेटमध्ये याच्या अगदी उलट टोकाचा माणूस म्हणजे रिची बेनॉ. १९५६ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडहून निघाला तेव्हा हा खेळाडू मागे राहिला आणि बी.बी.सी.त जाऊन बोलण्याचे रीतसर शिक्षण घेतले. सव्विसाव्या वर्षाच्या आगेमागे, खेळाची उत्तम वर्षे अजून पुढे असताना! पडद्यावर जे दिसते आहे त्यात भर घालता येत नसेल तर गप्प बसावे, हा त्याचा नेम. अशा माणसाने १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नच्या मैदानावर काय पाहिले? न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने आपल्या धाकट्या भावाला चेंडू हाताखालून, जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितला. नियमात ते बसत होते. बेनॉने त्या संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर उभे राहून, क्रिकेटच्या मैदानावर मी पाहिलेल्या अत्यंत वाईट गोष्टींपैकी ही एक, असा निर्वाळा दिला. आवाज चढविला नाही. ज्याने वर्षानुवर्षे विशेषणे जपून वापरली त्याचे ते एक विशेषण सबंध देशाच्या जिव्हारी लागले. आणि ग्रेगचा थोरला सख्खा भाऊ इयान चॅपेल, तोही समालोचक. त्यानेही त्या कृत्याची गय केली नाही.

त्याच ऑस्ट्रेलियन वाहिनीवर तिसरा होता टोनी ग्रेग. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, इंग्लंडचा कर्णधार झालेला हा उंच गोरा माणूस १९७६ साली टेलिव्हिजनवर बोलून गेला की वेस्ट इंडीजला आम्ही लोटांगण घालायला लावू. वर्णद्वेषी राज्यातून आलेल्या गोऱ्याने काळ्या खेळाडूंविषयी हा शब्द वापरावा, याचा अर्थ त्याला बोलताना उमगला नव्हता. ऐकणाऱ्यांना तत्क्षणी उमगला. वेस्ट इंडीजने ती मालिका ३-० अशी जिंकली. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत वेस्ट इंडियन प्रेक्षकांपुढे ग्रेग स्वतः हातापायांवर रांगत गेला. पुन्हा तेच, बार्कलेचे गाढव! २०१२ साली वारेपर्यंत तो समालोचन करीत राहिला आणि त्याच्या उत्साही आवाजावर भारतातही लोकांनी प्रेम केले.

आता आपल्या घरात येऊ, कारण परदेशातल्या परखडपणाचे कौतुक करणे नेहमीच सोपे असते.

आपल्याकडे फटकळ खेळाडू मायक्रोफोनवर येण्याची परंपरा जुनी आहे. लाला अमरनाथ यांनी डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारताचे पहिले कसोटी शतक काढले आणि १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातून, पहिली कसोटीही सुरू होण्यापूर्वी, त्यांना शिस्तभंगाबद्दल घरी पाठविण्यात आले. कर्णधार महाराजकुमार होते. त्यांचा खेळ आणि त्यांची सत्ता यांचे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे. हेच अमरनाथ पुढे आकाशवाणीवर तज्ज्ञ म्हणून बोलू लागले. पण तो काळ निराळा होता. आकाशवाणी सरकारची होती, मंडळाची नव्हती.

सुनील गावसकरांपुढे २००८ साली एक निवड आली. ते आंतरराष्ट्रीय मंडळाच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते आणि वृत्तपत्रांत लिहीत होते, टेलिव्हिजनवर बोलत होते. दोन्हींपैकी एक सोडा, असे सांगण्यात आले. त्यांनी अध्यक्षपद सोडले. मुंबईच्या सलामीवीराने खुर्चीपेक्षा लेखणी आणि आवाज जवळ केला, यात मला आश्चर्य वाटले नाही, पण समाधान वाटले.

मग संजय मांजरेकर. विजय मांजरेकरांचे चिरंजीव, १९८९ साली लाहोरला २१८ धावा काढणारे, तंत्राचे भोक्ते. तंत्रशुद्धतेची जी कसोटी त्यांनी स्वतःला लावली तीच ते मायक्रोफोनवरून इतरांना लावीत आले. २०१९ च्या विश्वचषकात त्यांनी रवींद्र जडेजाविषयी, थोडी फलंदाजी थोडी गोलंदाजी अशा तुकड्यातुकड्यांच्या खेळाडूंचा मी चाहता नाही, असे मत दिले. जडेजाने जाहीर उत्तर दिले की तुम्ही खेळलात त्याच्या दुप्पट सामने मी खेळलो आहे. पुढच्या वाक्यात त्याने मांजरेकरांच्या बोलण्याला पोटाच्या एका विकाराची उपमा दिली. तिचे भाषांतर मी या व्यासपीठावरून करीत नाही. आठवड्याभरात मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध उपान्त्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा काढल्या. भारत अठरा धावांनी हरला, पण जडेजाने आपल्याला तुकड्यातुकड्यांनी फाडून काढले, अशी कबुली मांजरेकरांनी त्याच दिवशी दिली. ही त्यांची बाजू मला आवडते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याला गुलाबी चेंडूची कसोटी झाली. चेंडू दिसतो कसा हे खेळाडूंना विचारायला हवे, असे हर्षा भोगले म्हणाले. त्यावर मांजरेकर उत्तरले की हे तुम्हाला विचारावे लागेल. आम्ही जे खेळलो आहोत त्यांना ते कळते. पहा, ज्या काठीने जडेजाने मांजरेकरांना मारले होते तीच काठी चार महिन्यांनी मांजरेकरांच्या हातात होती. 'तू किती खेळलास?' हा प्रश्न वादात कधीही विचारता येतो आणि त्याने वाद कधीही सुटत नाही. या बोलण्याबद्दलही त्यांनी नंतर खेद व्यक्त केला.

मार्च २०२० मध्ये मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून मांजरेकरांचे नाव गेले. कारण जाहीर करण्यात आले नाही. पुढे त्यांनी मंडळाला पत्र लिहून नियमांच्या चौकटीत राहून बोलण्याची तयारी दाखविली, असे वृत्तपत्रांतून आले. त्यांच्या मतांशी माझे अनेकदा जमत नाही. जडेजाविषयीचे तर मुळीच जमले नाही. पण जो स्वतःची चूक दुसऱ्या दिवशी चारचौघांत कबूल करतो त्याला आणखी कोणती चौकट घालायची होती? देशातल्या सामन्यांचे समालोचक मंडळाने नेमायचे आणि मंडळाच्या कारभारावर, निवडीवर बोलायचे की नाही हेही मंडळानेच ठरवायचे, अशी जेथे व्यवस्था, तेथे खाल्ल्या मिठाला जागण्याचा अर्थ फारच सोपा होतो. २०१३ साली इयान चॅपेलला भारतातल्या मालिकेसाठी बोलावणे होते. निवड, कारभार आणि पंचांच्या निर्णयांची यांत्रिक फेरतपासणी या विषयांवर बोलायचे नाही असे कळल्यावर त्याने येण्याचे नाकारले. त्याला ते परवडले, कारण त्याचे घर त्यावर चालत नव्हते. निवृत्तीनंतर चाळीस वर्षे संसार चालवायचा आहे अशा आपल्या खेळाडूकडून तीच अपेक्षा करणारे आपण कोण? ऐकणाऱ्याने मात्र एवढे ओळखावे की एखादा पूर्वीचा वाघ अलीकडे फार गोड बोलू लागला असेल तर बदल कदाचित स्वभावात झालेला नसेल.

मायकेल होल्डिंगविषयी न बोलता हा विषय पुरा होणार नाही. १९८० साली ड्युनेडिनला पंचाने अपील फेटाळले म्हणून त्याने लाथ मारून यष्ट्या उडविल्या होत्या. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. समालोचक म्हणून मात्र तो शांत, खोल आवाजाचा. ८ जुलै २०२० रोजी साउथॅम्प्टनला पाऊस पडत होता, खेळ सुरू व्हायचा होता. त्या रिकाम्या वेळात तो वर्णद्वेषावर बोलला, आणि शाळेत आपल्याला कोणाचा इतिहास शिकविला जातो यावर बोलला. त्यानंतरच्या एका मुलाखतीत आईवडिलांची आठवण निघाली तेव्हा त्याला रडू आवरले नाही. फलंदाजाला धडकी भरविणारा हा माणूस. यष्ट्यांवर जी लाथ बसली होती तिच्यामागची आग चाळीस वर्षे विझली नव्हती. तिला योग्य जागा त्या दिवशी मिळाली.

आज मात्र एक नवीच जात निर्माण झाली आहे. निवृत्तीची वाट न पाहता खेळता खेळताच समालोचक होणाऱ्यांची. आपल्या पुण्याच्या केदार जाधवचे उदाहरण गमतीचे आहे. २०२३ च्या आय.पी.एल.मध्ये तो मराठीतून समालोचन करीत होता. बाळ ज. पंडितांनी मैदानावरून मराठी कानांत रुजविलेली ती धावती भाषा आता मोबाइलवर आली होती. तेवढ्यात बंगळुरूच्या संघातला एक खेळाडू जायबंदी झाला आणि केदारला बोलावणे आले. गड्याने मायक्रोफोन ठेवला आणि बॅट उचलली!

अमेरिकेतल्या ड्रेमंड ग्रीनचा प्रश्न इतका सरळ नाही. २०१२ साली गोल्डन स्टेट संघात आलेला, चार विजेतेपदे मिळविलेला, २०१७ चा सर्वोत्कृष्ट बचावपटू. जानेवारी २०२२ मध्ये बार्कलेच्याच वाहिनीने त्याच्याशी करार केला. तेव्हा तो खेळत होता. त्याच वर्षीच्या अंतिम फेरीत सामना संपला की तो स्वतःच्या पॉडकास्टवर त्या सामन्याची चिरफाड करी. लोकांनी नाके मुरडली, आणि त्याचा संघ जिंकला. बचावाची मांडणी तो समजावून सांगतो तेव्हा खेळ नव्याने दिसू लागतो. ही दृष्टी उसनी मिळत नाही. परंतु त्याच २०२२ च्या ऑक्टोबरात त्याने सरावात स्वतःच्या संघातल्या जॉर्डन पूलला ठोसा मारला. २०२३ साली नोव्हेंबरात रूडी गोबेरचा गळा धरल्याबद्दल पाच सामने बंदी, डिसेंबरात युसुफ नुर्किचच्या तोंडावर हात मारल्याबद्दल आणखी बारा.

याचे समालोचक म्हणून भवितव्य काय, असे मला विचारतात. नजर आहे, भाषा आहे, धाक कोणाचा नाही. हे सगळे त्याच्यापाशी आजच आहे. मी मात्र एका संध्याकाळची वाट पाहतो आहे. तो निवृत्त होऊन टेबलाशी बसलेला असेल आणि पडद्यावर कोणी तरी वीस-बावीस वर्षांचा पोरगा प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हात मारील. चित्रफीत पुन्हा एकदा हळू गतीने दाखवतील, शेजारचे सगळे गप्प बसतील आणि कॅमेरा ग्रीनकडे वळेल.